खालचा डावा कोपरा

बुधवारी दहा ते बारा, कीथलीच्या लायब्ररीत,
रेडिएटरशेजारच्या टेबलाशी मी बसते.
पाटी आहे : कॉम्प्युटर मदत. फुकट.
पाटीवर लिहिलेलं नाही, पण चहा स्वतःचा आणावा.

आज क्लिफर्ड ऑग्डेन आले ते कोट न काढताच.
पिशवीतून लॅपटॉप असा काढला
जसं मेलेलं मांजर ज्याचं त्याला परत द्यावं.
"रात्री झोपलो तेव्हा बरा होता," म्हणाले,
"सकाळी उठतो तर हा."

रात्रभर त्यानं स्वतःच स्वतःचं काही करून घेतलं होतं.
तेरा टक्के, तेरा टक्के, तेरा टक्के,
बंद करू नका, तुमच्यासाठीच चाललंय सगळं.
मग पडद्यावर एक निळं फूल,
आणि जिथे बटण होतं तिथे
हवामान.

कीथली. अकरा अंश. पाऊस.
"त्यासाठी मला खिडकी आहे," ऑग्डेन म्हणाले.

त्यांची वही मला पाठ आहे.
पेन्सिलीनं काढलेला चौकोन, पडद्याचा नकाशा,
खालच्या डाव्या कोपऱ्यात बाण,
शेजारी : इथे. एकदाच. मग थांबायचं.
नऊ वर्षं हात न बघता तिथे जायचा,
अंधारात दिव्याच्या बटणाकडे जातो तसा.
आजही गेला. तीनदा गेला.
तीनदा पाऊस उघडला.

बटण मध्ये सरकलंय, मी सांगितलं.
"कोणी सांगितलं होतं सरकवायला?"
आम्हाला शिकवलंय, 'बदल' म्हणू नका, 'सुधारणा' म्हणा.
मी सुधारणा म्हणाले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते असं, की जणू मीच रात्री
त्यांच्या घरात शिरून भांड्यांची मांडणी बदलून आले होते.

शनिवारी लीकचं प्रदर्शन
(लीक, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा पहिलवान भाऊ).
ते सेक्रेटरी. तेवीस नावं छापायची, टेबलांचे नंबर,
आणि मुळं धुऊन आणण्याबद्दलचा तो कडक नियम.
फाइल होती तिथेच आहे, म्हणे.
पण 'होती तिथे' हीच जागा आता सापडेना.
उजवं बटण दाबलं तर यादी गायब,
तिच्या जागी चार मुकी चित्रं, कात्री, टोपली, असली.
मी तळाशी बोट ठेवलं : आणखी पर्याय.
दाबलं, आणि खालून
जुनी यादी निघाली, जशीच्या तशी, करडी,
भिंतीच्या नव्या कागदाखाली जुना कागद निघावा तशी.
"म्हणजे गेली नव्हती," ते हळूच म्हणाले.
"लपवलीय."

आमच्याकडे म्हणतात, मी म्हटलं, आपलीच मोरी
आणि पुढचं गिळलं.
ते ऐकेनात. सांगावं लागलं, सगळं, इंग्रजीत.
ऑग्डेन इतके हसले की काउंटरवरची नोरीन उठून आली.

छापायला घेतलं तेवढ्यात एक चौकट मध्ये आली :
तुमच्या फाइली आमच्या ढगात ठेवू या ना?
दोन बटणं. 'हो'. 'आत्ता नाही'.
ते तिसरं शोधत राहिले, चष्मा वर करून, खाली करून.
"साधं 'नो' कुठेय?"

माझ्या भाषेत त्याला शब्द आहे, मी म्हटलं.
'नाही' नव्हे, ते नुसतं नसणं.
हा वेगळा : वाढणाऱ्यासमोर
पानावर आडवा धरलेला हात.
नको.
"नाको," ते पडद्याला म्हणाले.
मग जरा मोठ्यानं, "नाको."
मी 'आत्ता नाही' दाबलं. दुसरं काय दाबणार.

तेवीस नावं निघाली, शेवटचं पान तिरकं.
वहीतला जुना बाण त्यांनी खोडला नाही.
मधोमध नवा काढला, फिका,
पेन्सिल जेमतेम टेकवून.

घरी येऊन मी माझा उघडला,
धाकटीला साताऱ्याला फोटो पाठवायचे होते.
हात गेला डाव्या कोपऱ्यात.
कीथली. अकरा अंश. पाऊस.
खिडकीतून पाहिलं,
केव्हाचा थांबला होता.